रांगेतला शेवटचा हात

एप्रिल १२, १६६१

कोंबड्या अंड्यांवर कधी बसवल्या ते माझ्या लक्षात राहत नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. अक्षरं पाद्रीणबाईंनी शिकवली ती बायबलापुरती. त्या वारल्या आणि उरलेले कागद मला मिळाले. कागद वाया घालवू नये.

मळ्याचे मालक मेजरसाहेब, त्यांनी माझ्या नवऱ्याला, गिलला, मुकादम केलं. आता गड्यांच्या लांबट झोपडीतून आम्ही निघालो. खाडीकाठी दोन खोल्यांचं घर, चूल विटांची, मागे आवार. मी जहाजातून उतरले तेव्हा विनिफ्रेड म्हणूनही कोणी हाक मारत नव्हतं. "ए पोरी" म्हणायचे, नाहीतर शिट्टी. जहाजभाड्यापोटी केलेला करार संपेपर्यंत दुसऱ्याच्या तंबाखूतल्या अळ्या वेचल्या. आता मी हॅरपबाई. काल डॉर्कस, ती नवी कराराची पोरगी, मला नुसतं "विनी" म्हणाली. कानाखाली दिली. पुन्हा म्हणणार नाही.

दोन खुडूक बसवल्या, एक राखाडी, एक लंगडी.

मे २

ग्रासाला मेजरीणबाईंनी धुणंभांडी आणि चरबी कढवायला माझ्या हाताखाली दिलंय. हबशी बाई, पण हात चपळ. तिचा नवरा मॅन्युएल सुतारकी जाणतो. दोघं आधीच्या म्हाताऱ्या मालकांच्या वेळेपासूनचे गुलाम. म्हाताऱ्यांनी मरताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं की मॅन्युएलला या साली, तंबाखू जहाजावर चढला की मोकळं करा. ग्रासा रोज आकाशाकडे बघते आणि विचारते, "बाई, यंदा पीक बरं येईल ना?" जणू हिच्या बापाचं पीक.

मी म्हटलं, "पिकाचं मला काय विचारतेस, माझ्या कोंबड्यांचं विचार."

ती हसली. हसताना एक दात कमी दिसतो. कोणी पाडला ते मी विचारलं नाही.

मे १९

कराराचा गडी नेड कॉप पळाला होता, दलदलीत सापडला. गिलने त्याला तंबाखूच्या कोठाराच्या दारावर हात ताणून बांधलं आणि फोडून काढलं. सगळ्या गड्यांना उभं करून बघायला लावलं. मी पण होते. पाठ अशी झाली की कुठे कातडं आणि कुठे सदरा ते कळेना. शेवटी शेवटी नेड ओरडायचाही थांबला, नुसता दारावर डोकं आपटत होता.

मग माझ्याकडेच आणून टाकला. मी मीठ-पाण्याने धुतलं, डुकराची चरबी लावली. तो दात खात म्हणाला, "हॅरपबाई, सुगी झाली की माझा करार संपतो. त्या दिवशी मी सदरा न घालता पंचांपुढे जाऊन उभा राहणार. कायदा आहे. मुकादमाला एवढं मारायचा हक्क नाही. त्याचं घर जाईल, बघा तुम्ही."

"गप पड," म्हटलं. "माझ्या घरात पडून माझंच घर घालवतोस?"

जेवताना गिलला सांगितलं. सांगायलाच हवं होतं, नवरा आहे.  तो भाकर तशीच ठेवून उठला.

राखाडी खुडकीची पिल्लं निघाली, पंधरा दिवस झाले, लिहायचं राहिलं. लंगडीने अंडी फोडली, तिची मान मुरगळली.

जुलै ६

डुकरीण आली! मेजरीणबाईंनी दिली, पांढरी, एका कानावर काळा डाग. आज जेवणानंतर गिल म्हणाला, सगळे वरच्या शेतात शेंडे खुडायला जातील, मॅन्युएलला तुझ्याकडे पाठवतो, कुंपण करून घे. मॅन्युएल दुपारपासून अंधार पडेपर्यंत इथेच. मी चुलीपुढून हललेच नाही, खिडकीतून त्याला बघत होते, कारण नजर हटली की हे लोक बसतात असं म्हणतात. हा बसला नाही. पण कोपऱ्यातला खांब तिरका रोवला. तेवढ्यापुरती बाहेर जाऊन सुनावलं.

"डोळे आहेत की बटणं? डुकरीण एक धडक देईल की गेला खांब."

"खाली दगड आहे, बाई," तो म्हणाला. "सरळ रोवला तर हलेल. तिरका आहे म्हणून धरून आहे."

"मला शिकवू नकोस."

"नाही, बाई. खांबाला शिकवतोय."

ग्रासा तोंडावर हात ठेवून हसत होती. मलाही हसू आलं, पण दाखवलं नाही. काम झाल्यावर त्याला सफरचंदाची दारू दिली, थोडी आंबलेली होती, तशी टाकूनच द्यायची होती.

नेड कॉप संध्याकाळी जेवायला आला नाही. त्याचा वाडगा कुत्र्याला घातला. आळशी मेला.

गिल दिवेलागणीला आला तो ओलाचिंब. खाडीत उतरून आंघोळ केली म्हणे! लग्नापासून या माणसाने पाण्याला पाय लावलेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, कोठारापाशी साप होता, हाणला, अंगावर उडालं. सदऱ्यावर खरंच खूप डाग होते. थंड पाण्यात भिजत घातला. रक्त ऊन पाण्याने पक्कं बसतं.

जुलै ७

नेड खाडीत सापडला. लव्हाळ्यात तोंड खाली. डोक्याची मागची बाजू आत गेलेली, बोटं घालता येतील एवढी. खेकड्यांनी एक डोळा खाल्लेला.

मेजरसाहेब आले, नाकाला रुमाल. म्हणाले, हा बुडालेला नाही, मारलेला आहे. पंच पलीकडच्या काठावरून यायला वेळ लागेल, तोवर मढं झऱ्यावरच्या दूधखोलीत ठेवा, गारव्याला. मेजरीणबाई ओरडल्या की मग माझं दूध कुठे ठेवू? दूध माझ्याकडे आलं. अर्धं नासलं.

मी गिलला म्हटलं, "तुझा तो साप नेडला तर नाही ना चावला?" गंमत केली होती. त्याने असं बघितलं की मी चुलीकडे वळले. दमलाय तो. सगळं त्याच्यावरच येतं.

जुलै ९

आज स्पर्श झाला. सगळं लिहिते, कारण असं मी लहानपणी आमच्या गावात एकदाच पाहिलं होतं, आणि ते विसरले नाही. खुन्याने हात लावला की मेलेल्याचं रक्त वाहतं. देवाने मेलेल्याला ठेवलेली ती एकच जीभ.

पंच सकाळी आले. म्हणाले, अंगणात फळीवर ठेवा. धुवायचं काम माझं. दूधखोलीतून काढला तेव्हा नेड दगडासारखा गार होता, हात लावला तर माझी बोटं आखडली. मेला तरी ख्रिस्ती माणूस, म्हणून पाणी चांगलं ऊन करून घेतलं, त्यानेच धुतला. नाकातोंडात कापूस कोंबला होता, तो पंचांच्या हुकमाने काढला, की वाट मोकळी राहावी. वाहिलं काही नाही. कोरडा. माश्या बसू नयेत म्हणून मेजरीणबाईंनी जुनी गोधडी दिली, ती गळ्यापर्यंत घातली. ऊन असं होतं की फळीतून राळ सुटत होती.

मग रांग. मेजरसाहेब आणि त्यांच्या घरच्यांनी हात लावायचा प्रश्नच नव्हता. पंच म्हणाले, आधी मोकळी माणसं, मग कराराचे गडी, ज्याचा करार जुना तो पुढे, मग कराराच्या बायका, शेवटी गुलाम. डॉर्कस माझ्या पुढे घुसली! कानामागून आली आणि तिखट झाली. मी तिचा झगा धरून मागे ओढली.

"मी मोकळी बाई आहे. तुझी जागा तिकडे."

"मढ्याला काय कळतंय, बाई, कोण आधी आणि कोण नंतर?"

"मढ्याला कळत नसेल. मला कळतं."

पंच हसले आणि म्हणाले, हॅरपबाई बरोबर बोलतायत, शिस्त हवीच.

गिल रांगेत नव्हता. मेजरसाहेबांनी त्याला बंदूक देऊन आपल्या खुर्चीजवळ उभं केलं होतं, कोणी पळू नये म्हणून. मला बरं वाटलं. जहाजातून एकत्र उतरलेलो आम्ही, आणि आज माझा नवरा मालकाच्या खुर्चीजवळ आणि बाकी सगळे उन्हात.

मी दुसरी होते. जखमेवर उजवा तळवा दाबून धरायचा, मोठ्याने म्हणायचं, "नेड कॉप, मी तुला मारलं असेल तर देवाने दाखवावं." दाबला. गार होता अजून. काही नाही. मग एकेक गडी. जखम मागे, म्हणून दर वेळी डोकं उचलायचं, कुशीवर करायचं, मग पुन्हा निजवायचं. काही जण घाबरून जास्तच दाबत होते. एक वेल्श गडी ओकला. ऊन चढत गेलं. वासाने डॉर्कसचे डोळे पांढरे झाले. मढं फुगायला लागलं होतं. गोधडी वर उचलल्यासारखी दिसत होती.

गुलाम आले. ग्रासाने हात ठेवला, काही नाही. सगळ्यांत शेवटी मॅन्युएल.

त्याने टोपी काढली. हात ठेवला, अगदी हलका, कोंबडीच्या पिल्लावर ठेवावा तसा. पंच ओरडले, "दाब!" त्याने दाबलं. आणि नेडच्या नाकातून आलं. आधी काळं, मग लाल, फेसाळ, मग तोंडातून. फळीवरून माझ्या पायांवर सांडलं.

कोणी तरी किंकाळी फोडली. मग सगळे मॅन्युएलवर तुटून पडले. दगडांनी, पायांनी, एकाने फावड्याने मारलं. परवापर्यंत एका पातेल्यातून जेवणारी माणसं. त्याच्या तोंडाची एक बाजू खाली उतरली. गिलने बंदूक उडवली तेव्हा थांबले. त्याला साखळीने कोठारात नेलं, नेडला बांधलं होतं त्याच दाराने.

मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं. देव आहे.

जुलै १०

ग्रासा आली. चरबीचं भांडं चुलीवर होतं, तिने ते ढवळलंही नाही. माझे गुडघे धरले.

"बाई, तो दुपारभर इथे होता. तुम्ही खांबावरून बोललात. तुम्ही दारू दिलीत."

"अंधार पडल्यावर गेला असेल."

"अंधार पडल्यावर माझ्याजवळ होता. आणि नेड तर जेवायलाच आला नव्हता. तुम्हीच त्याचा वाडगा कुत्र्याला घातलात. मग तो कधी मेला, बाई?"

मी म्हटलं, "मेलेला खोटं बोलत नाही, ग्रासा."

"मेलेला बोललाच नाही. तो नासला. आमच्याकडे मासा उन्हात ठेवला तर त्याच्याही तोंडातून येतं. माशाला कोणी मारलं म्हणून आम्ही रांग लावत नाही."

"तुमच्याकडचं तुमच्याकडे."

"मला बाप्तिस्मा दिलाय, बाई. माझा देव तुमचाच आहे. त्याने तुम्हाला डोळे दिलेत ना? तेवढंच सांगा पंचांना. काय पाहिलं तेवढंच."

गुडघे सोडेना. शेवटी ढकललं, तर चुलीच्या कडेवर आपटली, कपाळ फुटलं. मग मीच फडकं बांधलं. काही कळेना मला.

गिलला म्हटलं, "तसं बघितलं तर तो माणूस दुपारभर आपल्या आवारात होता. पंचांना सांगावं का? नुसतं कानावर घालावं?" त्याने मूठच मारली. खालच्या ओठातून दात बाहेर आला. म्हणाला, देवाने निकाल दिल्यावर तू कोण साक्ष देणारी? मग रडला. मोठा बाप्या, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. इतकं मनाला लावून घेतो तो.

त्याचं म्हणणं खरंच आहे. माझे डोळे आणि देवाचं बोट, यात मोठं काय? आणि मी तरी खिडकीतून सगळा वेळ बघत होते का? भाकरी उलटताना नसेल बघितलं.

ऑगस्ट, तारीख चुकली असेल

अळ्या, अळ्या, अळ्या. वेळ नाही. मॅन्युएलला खटल्यासाठी जेम्सटाउनला नेलं. कोणी काही विचारलं नाही मला. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं कदाचित. आपण होऊन पुढे जायचं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

डुकरीण चांगली भरतेय. कुंपणाला धडका देते. कोपऱ्यातला खांब हलत नाही.

सप्टेंबर १४

मॅन्युएलला इथेच आणून फाशी दिली, खाडीच्या तोंडाशी, बाकीच्यांनी बघावं म्हणून. सुगीच्या तंबाखूची पहिली पिंपं जहाजावर चढत होती. खलाशीही थांबून बघत होते, एक जण कणीस खात.

त्याचा जबडा वाकडा जुळला होता. पाद्री म्हणाला, कबूल कर. तो म्हणाला, "मी नाही मारलं. आधी सांगितलं, तेच आता." मग गर्दीत बघितलं, ग्रासाकडे बराच वेळ, आणि मग माझ्याकडे. मला वाटलं शाप देतो. मी ताईत धरला.

"हॅरपबाई," तो म्हणाला, "थंडीत जमीन उकलली की त्या खांबाच्या बुडाशी एक पाचर मारून घ्या. नाहीतर डुकरीण जाईल."

लोक हसले. पाद्री म्हणाला, बघा, पश्चात्ताप नाही.

शिडी काढली. दोर आखूड पडला, मान तुटली नाही. पाय मारत राहिला, एक बूट उडून पाण्यात पडला. किती वेळ, ते बघवेना म्हणून मी बघितलं नाही, पण ऐकू येत होतं. शेवटी ग्रासा पळत गेली आणि त्याच्या पायांना लटकली, आपलं सगळं वजन टाकून, तेव्हा तो सुटला. मेजरसाहेबांनी तिला मारू दिलं नाही कोणाला. तेवढे चांगले आहेत ते.

गिल आला नव्हता. पोटात दुखत होतं म्हणे.

ऑक्टोबर ३

ग्रासाला उपसागरापलीकडे विकलं. मेजरीणबाई म्हणाल्या, स्वयंपाकघरात असा चेहरा नको. नावेत बसताना मी तिला चरबीची बरणी द्यायला गेले. तिने घेतली नाही. बोललीही नाही. बरणी माझ्याच हातात राहिली. उद्धट.

आता डॉर्कस आहे हाताखाली. चरबी जाळते.

नोव्हेंबर २१

जमीन उकलली. पाचर काल मीच मारली.

डुकरीण मारायची वेळ झाली. गिलला म्हटलं, तू दरवर्षी मेजरसाहेबांची डुकरं मारतोस. नाही म्हणाला. त्या वेल्श गड्याकडून मारली. मूर्खाने कुऱ्हाडीच्या पाठीने डोक्यावर इतक्यांदा घाव घातले की किंचाळून किंचाळून मेली, आणि गळा कापला तो उशिरा, अर्धवट. रक्त नीट निघालंच नाही. त्यात पाऊस आला, लाकडं भिजली. म्हणून दूधखोलीत ठेवली.

नोव्हेंबर २२

सकाळी काढली. दगडासारखी गार. बाहेर फळीवर घेतली, केस सुटावेत म्हणून ऊन पाणी ओतलं, वर गोणपाट टाकलं, पुन्हा ओतलं. मी आणि डॉर्कस खरवडायला लागलो. एक बाजू झाली, उलटली. पुन्हा उलटली. पाठीवर दाब दिला आणि नाकातून आलं. आधी काळं, मग लाल, फेसाळ.

डॉर्कस म्हणाली, "अगं बाई! मी नाही हं मारलं! त्या वेल्शाला बोलवा!"

मी तिच्या तोंडात मारली. मग खाली बसले. फळीवरून माझ्या पायांवर सांडत होतं. डॉर्कस विचारत राहिली, काय झालं, काय झालं. काही नाही, म्हटलं, पाणी आण, गार आण.

गिलला हाक मारली, टांगायला उचलायची होती. दारापर्यंत आला. तिच्याकडे बघितलं आणि भिंतीला टेकला. पिठासारखा पांढरा.

"झाक तिला."

"डुकरीण आहे, गिल."

"झाक म्हणतो ना!"

उन्हाळ्यापासून या माणसाने मेलेल्या कशाला हात लावलेला नाही. कोंबडीला नाही, मासा सोलत नाही. मी लक्षातच घेतलं नव्हतं. कामं किती असतात.

डोकं वेगळं काढलं आणि आत आणून मेजावर ठेवलं, त्याच्या ताटासमोर. तो जेवायला बसला.

मी म्हटलं, "हात ठेव."

"वेड लागलंय तुला?"

"डुकराचं डोकं आहे. ठेव ना हात. ठेवलास की वाढते."

 मला वाटलं, मारणार. मग त्याने गळ्याचा रुमाल सोडला, उजव्या हाताला गुंडाळला, दोनदा, आणि मग तो हात डुकरिणीच्या कपाळावर ठेवला, काळ्या डागाच्या कानाजवळ. डोळे मिटलेले. काढून घेतला. रुमाल चुलीत टाकला.

 कबूल केलं होतं, म्हणून वाढलं. तो जेवला आणि कोठाराकडे गेला.

तो गेल्यावर मी माझा हात ठेवला. उघडा. दाबून धरला, मोठ्याने नाव घेतलं. मॅन्युएलचं. बाकीचे शब्द तेच, जे मी अंगणात म्हटले होते.

नाकातून आलं. थोडंसंच.

पुसून काढलं, मेज घासलं, राखेने. अजून घासतेय.